कोलशेतच्या लाल गाडीचे नवे ब्रेक

“मॅडम, पेडल एकदम कडक आहे, पण गाडी थांबतच नाहीये,” नितेश फोनवर सांगत होता. “काल तुमच्याकडून आणली तेव्हा मस्त थांबत होती. आत्ता अंगणातली बोंबील वाळवायची काठी पाडली.”

“कोणाला लागलं का?”

“नाही. पण आईने बघितलं.”

आता मात्र मला खरी काळजी वाटली. “गाडीला हात लावू नकोस, टो करून आण,” असं सांगून मी फोन ठेवला.

मी बरीच वर्षं ब्रेकचे पार्ट्स बनवणाऱ्या एका कंपनीत टेस्टिंगला होते. मग मानपाड्याला एमआयडीसीत स्वतःचं वर्कशॉप टाकलं. आम्ही फक्त ब्रेकची कामं करतो. इंजिनाचं कौतुक सगळेच करतात. ब्रेकची आठवण माणसाला समोरचा ट्रक दिसल्यावर होते, असं माझं मत आहे.

नितेश कोलशेतचा. आजोबांची मिठागरं होती, आता त्या बाजूला घरच्या जागेवर इमारती उभ्या आहेत. लाल, दोन दरवाजांची जुनी जपानी स्पोर्ट्स कार ही त्याच्या वडिलांची हौस. वडील गेले आणि गाडी याच्याकडे आली. पळायची झकास, थांबायची मात्र सवडीने. एकदा शीळफाट्याला पुढच्या ट्रेलरने ब्रेक मारला आणि हिचं बोनेट त्याच्या खाली जाता जाता राहिलं. ही बातमी नितेशच्या आधी घरी पोहोचली.

आईने निकाल दिला. रविवारी कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाला याच गाडीतून जायचं. घाटात गाडी नीट थांबली तर राहील, नाही तर पुण्याचं गिऱ्हाईक तयारच होतं. त्या घरात आईच्या शब्दापुढे कोणी बोलत नाही.

“बाबांची एवढीच एक वस्तू मी वापरतो, मॅडम,” नितेश म्हणाला होता. धिप्पाड माणूस, पण हे बोलताना किल्ली दोन्ही हातांत धरून उभा होता. मी त्याच दिवशी काम घेतलं.

काम तसं सोपं समजावता येतं. चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते, ती डिस्क. तिला दोन्ही बाजूंनी चिमटा बसतो, तो कॅलिपर. चिमट्याच्या आत पॅड असतात. ते डिस्कवर घासले की गाडी थांबते. आम्ही पुढच्या दोन्ही चाकांना मोठ्या, भोकं पाडलेल्या डिस्क लावल्या, म्हणजे त्या लवकर थंड होतात. कॅलिपर मोठे आणि लालभडक घेतले. ते जुन्या चाकांत मावेनात, म्हणून मोठी, आऱ्यांतून आरपार दिसणारी अलॉय चाकं आली. एक वाढवलं की दुसरं बदलावं लागतंच. पॅड आणि डिस्क एकमेकांना रुळावेत म्हणून मी स्वतः एमआयडीसीच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी पळवून, थांबवून, पुन्हा पळवून बघितली. अशी थांबत होती की माझा चष्मा नाकावर घसरला. खुशीत किल्ली दिली.

आणि दुसऱ्या सकाळी हा फोन.

टोइंगची गाडी आली, मागोमाग बाइकवर नितेश. ड्रायव्हरशेजारी नऊवारी नेसलेली, कपाळभर कुंकू लावलेली एक बाई बसली होती. नितेशची आई, हौसाबाई. उतरल्या आणि थेट विचारलं, “तूच का ती बरेकवाली?”

“हो, मावशी. बसा. चहा घ्या.”

“चा नको. गारी थांबतं का नाय, तं सांग.”

मी कामाला लागले. पेडल मऊ लागलं तर पाइपात हवा शिरली असं समजतात. हे तर कडक होतं, म्हणजे जोर डिस्कपर्यंत पोहोचत होता. ऑइलची लेव्हल बरोबर, गळती कुठेच नाही. माझा मेकॅनिक दिलीप म्हणाला, “मॅडम, पॅड डुप्लिकेट आले असतील.” माझंही डोकं तिकडेच गेलं. सप्लायरला फोन लावून मी बरीच तणतणले. माझा आवाज चढतो तेव्हा शेजारचा प्रेसवालाही मशीन बंद करून ऐकतो.

मग चाक काढलं. कॅलिपर उघडताच वास आला. जळक्या ब्रेकचा वास मला झोपेतही ओळखू येईल. हा वेगळाच होता.

“दिलीप, तू डोक्याला तेल लावून आलायस?”

“मला केस कुठे आहेत, मॅडम?”

मी पॅड नाकाशी धरला. खोबरेल तेल. पॅड तेल पिऊन काळे पडले होते. डिस्क वरून चकचकीत, पण तिच्या भोकाभोकांत लाल लगदा बसला होता. बोटावर घेतला. कुंकू.

मी वळून बघितलं. हौसाबाई अगदी समाधानाने माझ्याकडे बघत होत्या.

“मावशी, पूजा केलीत?”

“मंग? नवीन वस्तू घरात आली.”

“आई, तू तर बोनेटवर स्वस्तिक काढलंस ना?” नितेश म्हणाला. “मी हार आणायला गेलेलो तेव्हा काय केलंस?”

“बोनेट जुना हाय. नवीन काय हाय? बरेक. मंग पूजा बरेकची नको?” त्यांनी चाकाच्या आऱ्यांतून हात घालून दाखवला. “तेलान कालवून लावला. कोरडा कुंकू टिकत नाय.”

तर्कात मला एकही चूक सापडेना. आधी सप्लायरला फोन करून माफी मागितली.

आता हे मावशींना सांगायचं कसं? नितेश मागून नको नको अशी मान हलवत होता. पण न सांगता सोडलं असतं तर रविवारी निघताना पुन्हा तेल पडलं असतं, तेही घाटाच्या आधी. ते मला परवडणारं नव्हतं. मी म्हटलं, “मावशी, ब्रेक म्हणजे घासणं. तेल लावलं की घासत नाही. तव्याला तेल लावल्यावर घावन कसं सुटतं, तशी गाडी सुटली.”

त्यांनी पदराने तोंड पुसलं. “मीच पोराला मारला असता,” एवढंच म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. तेव्हा त्यांनीच विचारलं, “मंग कुंकू लावू कुठं?”

मी त्यांना चाकाच्या मधली गोल टोपी दाखवली. “इथे. तेल नको, चिमूटभर पुरे.” त्यांनी ती जागा बोटाने नीट दाबून बघितली.

डिस्क धुतल्या, नवे पॅड घातले, पुन्हा रस्त्यावर रुळवले. रविवारी मी दिवसभर फोन हातात घेऊन बसले होते. तो वाजला नाही.

सोमवारी लाल गाडी वर्कशॉपच्या दारात थांबली. अगदी दारात आखलेल्या पांढऱ्या पट्टीवर. हौसाबाई वाकून, कुरकुरत त्या बुटक्या गाडीतून बाहेर पडल्या आणि माझ्या हातावर प्रसाद ठेवला.

“घाटात बस आडवी आली. यानं बरेक मारला. मांडीवरचा नारल पुढं गेला, गारी नाय गेली.”

“मग ठेवणार का गाडी?”

त्यांनी बोनेटवरून हात फिरवला. “याचे बापाला मी जन्मभर सांगलं, जरा थांबत जा. नाय ऐकला. आता थांबतं, तं कशाला विकू?”

नितेश तोंड फिरवून उगाच टायर बघत राहिला.

तेव्हापासून किल्ली देताना मी गिऱ्हाइकाला एक प्रश्न विचारते: घरी पूजा कोण करणार? ज्या व्यक्तीचं नाव येईल तिला बोलावून घेते आणि चाकाची टोपी दाखवते. ब्रेकची टेस्ट माझ्यापुरती तिथे संपते.