पागची अर्धी लेस

पत्नी गेल्यावर तिच्या एकाच वस्तूचं काय करावं ते मला कळेना. लोडासारखी गोल, कडक उशी. तिच्यावर टाचलेला जाड निळा कागद आणि कागदावर पांढऱ्या दोऱ्यानं, नुसत्या सुईनं विणलेली तळहाताएवढी लेस. बरीचशी भरलेली, एक कोपरा मात्र रिकामा.

ही लेस क्रोएशियातल्या पाग बेटावरची. जर्मनीत, बाड हॉम्बुर्गला, आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी शेजारीण त्या बेटाची. तरुणपणी इथल्या कारखान्यात कामाला आली आणि राहिली. पत्नी तिला मावशी म्हणायची. अर्थ कळल्यावर शेजारणीनं ते नातं लगेच मान्य केलं. मला मात्र ती ‘प्रोफेसर’ म्हणून चिडवायची, कारण मी जिन्यातसुद्धा पुस्तक घेऊन दिसायचो.

एका उन्हाळ्यात आम्ही तिघं तिच्या गावी गेलो. मी सवयीप्रमाणे पुस्तक हातात धरून फिरलो. मिठागरं पाहिली, चुन्याशिवाय दगडावर दगड रचून केलेली कुंपणं पाहिली, लोक सोडून गेलेलं जुनं गाव पाहिलं. नव्या गावातल्या चर्चच्या भिंतीत दगडात कोरलेली एक गोल खिडकी आहे, ती इथल्या लेससारखी दिसते, असं पुस्तकात होतं. ते वाचून दाखवायला मी पत्नीला शोधत गेलो, तर ती गल्लीत एका दारापुढे, खुर्च्या टाकून विणत बसलेल्या म्हाताऱ्यांच्या रांगेत.

“अहो, थांबा हो जरा, टाका चुकेल माझा,” एवढंच म्हणाली.

ती खिडकी तिनं नंतर पाहिली की नाही, मला आठवत नाही.

परत आल्यावर तिच्या दुपारी वरच्या मजल्यावर जाऊ लागल्या. पुढे आजारपण आलं, तेव्हाही उशी मांडीवर असायची. ती गेली त्या वर्षीच्या शरद ऋतूत शेजारीण खाली आली आणि दारातूनच म्हणाली, “शुक्रवारी सामानाचा ट्रक येतोय. मी कायमची घरी चालले. लेस पुरी करून हवी असेल तर आत्ताच सांगा.”

मला ती पुरी करून हवी होती. पण पत्नीनं केली असती तशीच. त्यासाठी ती नेमकं काय विणत होती, हे कळायला हवं होतं. माझं सगळं आयुष्य यंत्रांच्या माहितीपुस्तिका भाषांतरित करण्यात गेलेलं. रेखाचित्राशिवाय काही तयार होतं, यावर माझा विश्वास नव्हता. म्हणून दोन दिवस मी तिचे कागद उपसत होतो. औषधांच्या वेळा सापडल्या, चकलीच्या भाजणीचं प्रमाण सापडलं, क्रांकेनकासेची, म्हणजे आरोग्यविम्याची, पत्रं सापडली. रेखाचित्र नाही. मला ती लेस चर्चच्या खिडकीसारखी वाटत होती. मुलीला फोटो पाठवला, तर ती फोनवर तिच्या जर्मनमध्ये म्हणाली, “बाबा, ही आजीची ठिपक्यांची रांगोळी आहे. तुम्हाला दिसत नाही?” तिनं सांगितल्यावर तेही दिसू लागलं.

गुरुवारी मी उशी घेऊन वर गेलो. खोलीभर खोकी होती.

“रेखाचित्र?” शेजारीण हसली. “प्रोफेसर, आमच्याकडे ते कुणी काढत नाही. आईचा हात बघायचा आणि आपला चालवायचा.”

“मग तुम्ही ही पुरी कशी करणार?”

“माझ्या हातानं. दुसरा कुठून आणू?”

चष्मा लावून ती उशी खिडकीपाशी घेऊन गेली. आधी कागदावर आकाराचा दोरा बारीक टाक्यांनी टाचायचा, मग त्या दोऱ्याच्या आधारानं जाळी भरायची, आणि शेवटी कागदाला टाचलेले टाके कापले की लेस कागदावरून मोकळी होते. एवढं मला ऐकून माहीत होतं. ती रिकामा कोपरा बोटानं चाचपू लागली.

“इथे दोरा होता,” कागदावरची बारीक भोकं दाखवत ती म्हणाली.

“आधी भोकं पाडून ठेवली असतील.”

“आम्ही आधी भोकं पाडत नाही. भोक आहे तिथे टाका होता. हे बघा, पार कडेपर्यंत. ही भरत आली होती. तिनं उसवलीय.”

“केव्हा?”

“मला काय माहीत? घरात तुमच्या होती ना ती?” म्हणाली, आणि लगेच माझ्या दंडावर हात ठेवला.

शेवटच्या महिन्यात मी समोरच्या खुर्चीत वाचत बसलेला असायचो. छोट्या कात्रीचा आवाज यायचा. ती विणतेय असं मी धरून चाललो होतो. एकदाही मान वर करून पाहिलं नाही.

“का उसवली असेल?”

“मनासारखं जमलं नाही की उसवतो आम्ही. कधी नुसता हात चालू राहावा म्हणूनही.” तिनं उशी माझ्यापुढे धरली. “आता सांगा. भरू? की तिनं चालवलं होतं तसं राहिलेलंही उसवू?”

दोन्हींपैकी पत्नीच्या मनातलं कुठलं, ते मला ठरवता येईना. शेवटी शेजारणीनंच एक मोकळं टोक दाखवलं. ते बांधलं नाही, तर लेस आपोआप सुटत जाईल, म्हणाली.

“तेवढं बांधा,” मी म्हणालो. “बाकी आहे तसं राहू द्या.”

तिनं सुईत दोरा ओवला आणि तीन टाके घातले. “हे तीन माझे,” सुईच्या टोकानं दाखवत म्हणाली. “लक्षात ठेवा. बाकी सगळं तिचं.”

मी मान हलवली.

शुक्रवारी ट्रक गेला. अजूनही कधीमधी मी भिंग घेऊन लेससमोर बसतो. ते तीन टाके कुठले, ते मला सापडत नाहीत.