ओलीस ठेवलेली चप्पल

तळोद्याच्या स्टँडवर मी ज्या जीपमध्ये बसलो, तिचा ड्रायव्हर उतारूंची एकेक चप्पल ओलीस ठेवायचा. जीप भरेपर्यंत कुणी "चहा घेऊन आलोच" म्हटलं, की हा मुकाट्याने त्याच्या पायाकडे बोट दाखवायचा. मग भल्यामोठ्या मिशांची माणसंही एका पायात चप्पल घालून टपरीकडे लंगडत जायची. माझाही एक बूट त्याच्या सीटखाली गेला.

मी डोंगरातल्या गावांत पालकांना 'मूल आणि माया' या विषयावर व्याख्यान द्यायला निघालो होतो. तज्ज्ञच ना मी! विचारलं, "माणसांवर एवढा अविश्वास?"

तो काच पुसत म्हणाला, "सायेब, मी न्हाना व्हतू. माय 'आत्तेच येस' म्हनीसनी गयी, गुजरातमा ऊस तोडाले. थेट होळीले परत उनी."

"आणि बायकोची चप्पल? तीही ठेवतोस?" मी थट्टेने विचारलं.

"तिन्या ते दोन्ही ठेवस. माहेरले अनवानी जास ती."

मला हसू आवरेना. गड्याने अख्ख्या संसाराचा चप्पल स्टँड केला होता! व्याख्यानात किस्सा खपेल म्हणून वहीत टिपला, आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं : 'लेकराला फसवून घराबाहेर पडू नये.'

जीप भरली. त्याने माझा बूट झटकून परत दिला. 'उद्या बागेत नेतो' असं सांगून झोपवलेली माझी लेक जागी होऊ नये, म्हणून पहाटे हाच बूट हातात धरून मी घराबाहेर पडलो होतो.