‘दुपारनी वसरी’ बंद झाली तो सोमवार

वाहिदला हुकूम मिळाला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. शहाद्याच्या त्या खाजगी रेडिओ केंद्रावर सोळा वर्षं तो कंट्रोल रूममध्ये बसत आला होता. बापाचं मशिदीच्या गल्लीत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. तिथं तारांना डाग देता देता तो मोठा झाला. केंद्र उघडलं तेव्हा बाहेरून आलेल्या इंजिनिअरला दोन दिवस सापडत नव्हती ती यंत्रातली गुणगुण त्याने अर्ध्या तासात बंद करून दिली, आणि इंजिनिअरने त्याला तिथंच ठेवून घेतलं. कार्यक्रम कधी एक सेकंद लवकर गेला नाही, उशिरा गेला नाही. ही त्याची एवढीच मिजास होती.

गेल्या महिन्यात केंद्र दुसऱ्या कंपनीने घेतलं. सकाळच्या दोघा निवेदकांना घरी पाठवलं. त्यांच्या वेळेला आता परगावी आधीच रेकॉर्ड केलेला हिंदी कार्यक्रम लागायचा. त्या सोमवारी मॅनेजर नवनीतने वाहिदला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

“आज दोनपासून दुपारही बाहेरून येणार. सरलाबाईंचा हा शेवटचा तास. पत्र तयार आहे, कार्यक्रम संपला की मी देतो. तोवर त्यांना कळता कामा नये.”

“का?”

“माइक त्यांच्यासमोर असतो म्हणून,” नवनीत म्हणाला. “एका केंद्रावर निवेदकाने जाता जाता कंपनीची अब्रू काढली. म्हणून आता वरून सक्त सांगणं आहे. त्यांनी निरोपाचं काही काढलं की तुम्ही फेडर खाली करायचा आणि गाणं लावायचं.” मग आवाज उतरवून तो म्हणाला, “राहणाऱ्यांच्या यादीत तुमचं नाव आहे, वाहिदभाई. माझंही अजून आहे.”

फेडर म्हणजे आवाजाची सरकती पट्टी. वर सरकवली की आवाज हवेत, खाली ओढली की बंद. वाहिदने ती हजारो वेळा वरखाली केली होती.

सरलाबाई ब्राह्मणपुरीच्या. केळी-कापूस करणाऱ्या गुजर घरातल्या, आठवीपर्यंत शिकलेल्या. चौदा वर्षांपूर्वी त्यांनी केंद्राला फोन केला होता तो तक्रारीचा. “तुमनी पुस्तकी मराठी ऐकीसन मन्हा बैल बी झोपी जास,” असं त्या म्हणाल्या आणि तो फोन चुकून हवेत गेला. दुसऱ्या दिवशी शंभर लोकांनी विचारलं, ती बाई कोण? तेव्हापासून दुपारी एक ते दोन ‘दुपारनी वसरी’, म्हणजे दुपारची ओसरी, त्यांची. केळीच्या बागेत भाकर सोडून बसलेल्या बाया, तळोद्याच्या नाक्यावर सवारीची वाट बघणारे जीपवाले, सगळे त्या वसरीवर येऊन बसायचे.

त्या सव्वाबाराला आल्या. उन्हाने चेहरा लाल झाला होता. “फोननी दुसरी लाइन दुरुस्त व्हयनी का, वाहिदभाऊ?” त्यांनी विचारलं. वाहिदने मान हलवली. नवनीत पाण्याच्या पिंपापाशी उभा राहून इकडेच बघत होता.

एक वाजला. लाल दिवा लागला. “मन्ह्या मायबहिणीस्वन, जेवनं व्हयनात का?” आणि तास सुरू झाला. पहिल्या गाण्याला सांगायचं, असं वाहिदने ठरवलं होतं. पहिलं गाणं आलं. काचेपलीकडे सरलाबाई कुणाचा तरी फोन ऐकून हसत होत्या, त्याचा हात उठेना. दुसऱ्याला नवनीत आत डोकावून गेला. जाहिराती संपल्या आणि माइक उघडायला वाहिदला दोन सेकंद उशीर झाला. सरलाबाईंनी काचेतून भुवई उंचावली. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

मग त्या म्हणाल्या, “उद्या आपली वसरीवर तळोदानी तुळशीबाई येनार शे. जातावरन्या ओव्या म्हनी. उद्या कोन्हीच चुकू नका!”

वाहिदने घड्याळाकडे पाहिलं. उद्या या वेळेला इथं हिंदी बडबड चालू असणार आणि एक म्हातारी जीपमध्ये दाटीवाटीने बसून येणार. एक अडतीसला चार मिनिटांचं गाणं लावलं आणि त्याने फक्त सरलाबाईंच्या हेडफोनमध्ये आवाज नेणारं बटण दाबलं.

“सरलाबाई, हाऊ शेवटला कार्यक्रम शे. दोन वाजापासून बाहेरना लागी. तुम्ही निरोपनं बोलनात ते आवाज बंद कराले सांगेल शे माले.”

सरलाबाईंचा आवाज आला, अगदी सपाट. “कव्हयपासून माहीत शे तुमले?”

“अकरा वाजापासून.”

“आनि आत्ते सांगतस?”

तेवढ्यात दार उघडलं आणि नवनीत येऊन त्याच्या खुर्चीमागे उभा राहिला. त्याच्या श्वासाचा आवाज ऐकू येत होता.

गाणं संपलं. सरलाबाईंनी त्यानंतर दोन फोन घेतले, एकाला बियाण्याचं सांगितलं, एकीला नातवाच्या नावाचं. नवनीतचे खांदे सैल झाले. दोनला चार मिनिटं उरली, आणि त्या म्हणाल्या, “आज तुमना निरोप लेस. तुळशीबाई, तू...”

“खाली करा,” नवनीत म्हणाला.

आणि वाहिदच्या बोटाने ऐकलं. सोळा वर्षांची सवय होती ती. फेडर खाली आला. काचेपलीकडे सरलाबाईंचे ओठ हलत होते आणि आवाज दाखवणारा काटा शून्यावर पडला होता. एक, दोन, तीन. त्यांनी वर बघितलं नाही, त्या बोलतच राहिल्या. गाण्याच्या बटणाकडे निघालेला वाहिदचा हात मध्येच थांबला आणि त्याने फेडर पुन्हा वर ढकलला.

“...दगाभाऊ, तुम्ही भर पावसात बी फोन लायेत. ब्राह्मणपुरीन्या पोरीस्वन, तुमना हसाना आवाज मन्हा कानमा शे...”

नवनीतने हात पुढे केला. वाहिदने फेडरवर आपला तळहात आडवा धरला.

“साहेब, तीन मिनिटं.”

“नोकरी जाईल तुमची.”

“माहीत शे.”

नवनीतचा हात हवेतच राहिला, मग त्याने तो खिशात घातला. सरलाबाईंनी कंपनीचं नावही काढलं नाही. त्या फक्त माणसांची नावं घेत होत्या, गावासकट, एकामागून एक. बरोबर दोन वाजता वाहिदने बाहेरचा कार्यक्रम जोडला. एक सेकंद लवकर नाही, उशिरा नाही.

पत्र इंग्रजीत होतं. सरलाबाईंनी ते नवनीतकडे परत दिलं आणि म्हणाल्या, “मराठीत वाचून दाखवा, साहेब.” नवनीतने अडखळत, एकेक ओळीचा अर्थ लावत ते वाचलं. त्याचे कान लाल झाले होते. त्यांनी सही केली, पिशवी उचलली. वाहिदजवळून जाताना त्या म्हणाल्या, “सकायले सांगाले पायजे व्हतं.” बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला तुळशीबाई जिना चढून आली. येऊ नको, असं सरलाबाईंनी तिला सांगितलं होतं. पण ते वाक्य त्या तीन सेकंदांत गेलं होतं. म्हातारीने नवं लुगडं नेसलं होतं.

“सरला कोठे शे?” तिने विचारलं.

वाहिदने तिला बसवून पाणी दिलं. मग पुढच्या दोन तासांचं सगळं यंत्रावर लावून ठेवलं आणि मोटारसायकलची किल्ली घेतली. ड्यूटीच्या वेळात त्याने खुर्ची सोडली, ती पहिल्यांदाच.

“कुठं निघालात?” नवनीतने दारात विचारलं. “कालचं रेकॉर्डिंग वरच्यांनी मागवलंय, वाहिदभाई. आज तरी जागेवर बसा.”

“कार्यक्रमाला पाहुणी आलीय, साहेब. तिला ब्राह्मणपुरीला सोडून येतो.”

तुळशीबाईला मागे बसवून तो रणरणत्या उन्हात निघाला. शनिवारी त्याचं नाव यादीतून गेलं.