नववा प्रश्न

माझा धाकटा भाऊ थॅडियस अकरा वर्षं व्यावसायिक बास्केटबॉल खेळला. आमच्या गॅरी गावातल्या लोकांना अजून वाटतं, तो सोन्याच्या ताटात जेवत असेल. कसलं काय! आज हा संघ, उद्या तो. दहा-दहा दिवसांचे करार, मध्ये दोन वर्षं तुर्कस्तानात. सगळी मिळून कमाई चाळीस लाख डॉलर. निम्मी कराने आणि एजंटाने खाल्ली. उरलेल्यात आईचं घर झालं, मावसभावांच्या गाड्या झाल्या, माझ्या घरावर नवं छप्पर चढलं. आता तो शाळेची बस चालवतो.

मी त्याच शाळेच्या ऑफिसात असते. खेळणाऱ्या मुलांचे तब्येतीचे फॉर्म माझ्याकडे जमा होतात. ऑक्टोबरात त्याने जोसलिनचा, म्हणजे त्याच्या सोळा वर्षांच्या मुलीचा, फॉर्म आणून दिला. नववा प्रश्न होता: घरात कुणाची खेळताना शुद्ध हरपली आहे का? कुणी पन्नाशीच्या आत अचानक गेलं आहे का? थॅडने खूण केली होती, ‘नाही’.

आमचे वडील अडतिसाव्या वर्षी पोलाद कारखान्याच्या फाटकात कोसळले, ते उठलेच नाहीत. भट्टीची झळ लागली म्हणत आई गप्प बसली, आम्हीही बसलो. पुढे तुर्कस्तानात, इझमीरला, सरावात थॅड शुद्ध हरपून पडला. कुणाला सांगू नकोस, अशी त्याने फोनवर मला शपथ घातली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात; त्याची चाळीस लाखांची होती, आणि त्यातलं मीही खाल्लं होतं.

“हे काय लिहिलंस रे?” मी फॉर्म पुढे सरकवला.

त्याने आपलीच खूण वाचली. “अगं, हात आपोआप गेला. दर सीझनला हाच प्रश्न असायचा. ‘हो’ म्हटलं की करार गेला. अकरा वर्षं डोळे मिटून ‘नाही’ करत आलो.”

“तेव्हा जीव तुझा होता. हा पोरीचा आहे, गाढवा!”

“शुक्रवारी कॉलेजच्या संघाची माणसं तिचा खेळ बघायला येणार आहेत, व्हर्नी. आता ‘हो’ लिहिलं तर तपासण्या होईपर्यंत तिला बाकावर बसवतील. आणि तिच्या हृदयात काही नसलंच तर?”

“आणि असलं तर?”

तो खुर्चीत बसला. शेजारच्या जिममध्ये मुली आपापल्याच खेळत होत्या. बॉलचा आवाज क्षणभर थांबला की आम्ही दोघंही दाराकडे बघायचो. मला इतकी भीती वडिलांच्या वेळीही वाटली नव्हती, कारण तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

थॅडने पेन मागितलं. वीस हजार लोकांसमोर शांतपणे बास्केट करणारा हा माणूस. त्याला ‘हो’ लिहिताना कागद दुसऱ्या हाताने दाबून धरावा लागला. वडिलांचं नाव लिहिलं, खाली स्वतःचं. मग आम्ही जिममध्ये गेलो आणि जोसलिनला बाहेर बोलावलं.

“डॅडी, परवा शुक्रवार आहे! आत्ता काय?” ती घामाघूम, वैतागलेली.

त्याने तिथेच, भिंतीला टेकून, सगळं सांगितलं. आजोबांचं, इझमीरचं, फॉर्मचं. मला वाटलं, पोरगी आता आकांडतांडव करणार. पण तिने बॉल पोटाशी घट्ट धरला.

“आत्या, तू ओरडू नकोस हं,” ती म्हणाली. “जुलैत एकदा पडले होते मी. आणि काल.”