माझं घोरणं ऐकणारं कोणी नव्हतं

“काकू, तुम्ही झोपेत घोरता का हो?”

नया बाजारातल्या दातांच्या दवाखान्यात मी खुर्चीवर आ वासून पडले होते. डॉक्टर म्हणजे तिशीतली मुलगी, आमच्यासारख्याच, हिंदी मुलखात लष्कर भागात राहणाऱ्या मराठी घरातली. मी गेले होते पुढचा तुटलेला दात दाखवायला, आणि ही माझ्या घशात बॅटरी मारून बघत बसली होती.

“ठाऊक नाही. घरी मी एकटीच असते,” मी म्हटलं.

तिने बॅटरी बंद केली. “दाढा खूप झिजल्यात. जिभेच्या कडांवर दातांचे ठसे आहेत. खालचा जबडा लहान, घसा अरुंद. मुझे शक है, झोपेत तुमचा श्वास अडकत असणार. पण ते मी ठरवू शकत नाही, स्लीप स्टडी करावी लागेल.”

दात कसा तुटला हे तोवर मी तिला खरं सांगितलं नव्हतं. शाळेतून परतताना, भर दुपारी, पडावच्या चौकाजवळ स्कूटीवर माझा डोळा लागला आणि पुढच्या टेम्पोवर जाऊन आदळले. टेम्पोवाल्याने उतरून विचारलं, “सो रही थीं क्या, आंटी?” ब्रेक लागला नाही, असं मी त्याला ठोकून दिलं. त्या खुर्चीवर मात्र सगळं बोलून टाकलं.

मी चौपन्न वर्षांची, मुलींच्या शाळेत गणित शिकवते. दोनेक वर्षं रोज सकाळी डोकं जड असायचं. आठ तास झोपूनही वर्गात पेंग यायची. आधी वयाला दोष दिला, मग एकटेपणाला.

माधवगंजला घरी पोचेपर्यंत यांचंच बोलणं आठवत होतं. माझे यजमान जाऊन सहा वर्षं झाली. ते म्हणायचे, “अगं, तुझा श्वास मधेच थांबतो. परत कधी सुरू होतो, ते बघत मी जागा राहतो.” मला तो टोमणा वाटायचा. एका लग्नघरात जावांनी माझ्या घोरण्याची नक्कल केली होती, तेव्हापासून तो विषयच मला सहन व्हायचा नाही. एकदा चिडून म्हटलं, “मग झोपा बाहेरच्या खोलीत.” ते खरंच गेले. शेवटपर्यंत तिथेच झोपले.

स्लीप स्टडी म्हणजे झोपेतला श्वास मोजायची तपासणी. ती घरीच झाली. बोटाला चिमटा, छातीला पट्टा, नाकाशी बारीक नळी. सोबत एक फॉर्म होता. त्यातलं एक पान शेजारी झोपणाऱ्याने भरायचं होतं. मी ते कोरंच परत दिलं.

झोपेच्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचून सांगितलं, “ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया है, मध्यम दर्जे का.” म्हणजे झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते. माझी तासाला एकवीस वेळा बंद होत होती.

आधी सीपॅप मिळालं. मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं यंत्र. पुष्कळांना ते छान मानवतं. मला कोणीतरी तोंड दाबून धरल्यासारखं व्हायचं. महिनाभर झटले, मास्क बदलून पाहिला, रडलेही. शेवटी डॉक्टरच म्हणाले, “आपकी डेंटिस्ट से बात करता हूँ.”

अशी मी पुन्हा त्याच खुर्चीवर आले. तुटलेला दात तिने केव्हाच नीट केला होता. आता तिने हिरड्या तपासल्या, दातांची मापं घेतली आणि मॅन्डिब्युलर अ‍ॅडव्हान्समेंट डिव्हाइस बनवून घेतलं. नाव लांबलचक, वस्तू तळहातावर मावणारी. वरच्या आणि खालच्या दातांवर बसणारे दोन साचे. ते खालचा जबडा जरासा पुढे धरून ठेवतात, त्यामुळे जीभ मागे पडत नाही आणि वाट मोकळी राहते.

सुरुवातीला जबडा ठणकायचा, उशी लाळेने भिजायची. सकाळी दातावर दात बसायचे नाहीत, त्यासाठी तिने जबड्याचा व्यायाम शिकवला. दर भेटीत ती साचा किंचित पुढे सरकवायची. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. एकवीसचे सहा झाले होते.

हे वाचणाऱ्यांत माझ्यासारख्या एकट्या राहणाऱ्या बायका असतील. आपलं घोरणं आपल्याला ऐकू येत नाही, आणि बाईमाणसाने घोरणं म्हणजे लाज, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. दुपारी पेंग येत असेल, सकाळी डोकं दुखत असेल, तर दातांच्या डॉक्टरांनाही सांगा. मेडिकलच्या दुकानातून तयार साचा आणून स्वतः बसवू नका. आधी तपासणी, मग उपाय. आणि घरात कोणी सांगणारं असेल, तर त्याच्यावर रागावू नका.

मागच्या रविवारी जाग आली तेव्हा खिडकीतून ऊन आत आलेलं होतं. डोकं हलकं, डोळे स्वच्छ. कुणाला तरी सांगावंसं वाटलं. मुलगा पुण्याला, त्याला सुट्टीच्या दिवशी इतक्यात उठवणं जिवावर आलं. शेवटी दवाखान्याच्या मोबाइल नंबरावर फोन लावला. तिनेच उचलला, आवाजात काळजी.

“काय झालं, काकू? दुखतंय का?”

“नाही गं,” मी म्हटलं. “झोप छान झाली. एवढंच सांगायचं होतं.”

पलीकडे ती हसली. मग म्हणाली, “सांगा ना, काकू. मी ऐकतेय.”