बर्वे काकांचं डर्बी आणि माझं स्टॉकपोर्ट

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मध्येमध्ये थांबावं लागणार नाही. हा किस्सा आमच्या न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवे गावच्या झाडून सगळ्या मराठी घरांत माझ्या माघारी सांगून झालेला आहे. जो तो आपल्या पदरचं तिखटमीठ लावतो. म्हटलं, फजिती माझी, मग सांगायचा मान दुसऱ्याला का? चहा घ्या. आणि शेवटी मी कान पकडेन अशी आशा असेल, तर ती सोडा.

तर मी लहानपणी इंग्लंडमध्ये होते. हो, होते. माझे वडील डॉक्टर. पुढच्या परीक्षा द्यायला ते तिकडे गेले, मागून आई आणि मी गेलो. वयाच्या पाचव्या वर्षापासून आठव्यापर्यंत मी स्टॉकपोर्टला वाढले. मग पुणे, मग लग्न, मग अमेरिका. पण आमच्या ग्रुपमध्ये मी "इंग्लंडमध्ये असताना" एवढं म्हणायचा अवकाश, की आमचे हे उठून किचनमध्ये बर्फ आणायला जायचे. बायका एकमेकींकडे बघायच्या. कुणीतरी हळूच म्हणायचं, "निघाली राणीची नात."

लोकांचं सोडा हो. माझी स्वतःची मुलगी शिल्पा, वय अकरा, तीसुद्धा म्हणायची, "मॉम, यू मेड इट अप."

हे मात्र मला लागायचं. बाबा जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. पुण्याला ते सदा दवाखान्यात, मी उठायच्या आत बाहेर आणि झोपल्यावर घरी. स्टॉकपोर्टला मात्र रविवारी माझं बोट धरून फिरायचे, गळ्यात कॅमेरा. माझे म्हणावे असे बाबा मला तेवढेच मिळाले. आणि ते मी मनाने रचलंय असं माझीच पोरगी म्हणणार? मला पुरावा हवा होता.

त्यात भर बर्वे काकांची. काका तरुणपणी, लग्नाआधी, डर्बीला कारखान्यात ट्रेनिंगला होते. म्हणजे एका गावात दोन इंग्लंड-रिटर्न. मी पावसाबद्दल बोलले की यांच्या डर्बीचा पाऊस जास्त. मी धुक्याबद्दल बोलले की यांच्या धुक्यात हाताला हात दिसत नसे.

"काका, डर्बी म्हणजे नुसते कारखाने हो," मी म्हणायची.

"आणि स्टॉकपोर्टला काय राजवाडे होते?"

असं करता करता एका पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, पैजच लागली. दोघांनी आपापले जुने फोटो पुण्याहून मागवायचे आणि लोकांनी ठरवायचं, कुणाचं गाव चांगलं.

नेमक्या तेव्हा माझ्या सासूबाई यायच्या होत्या. आता इथे कुणाची आई येणार म्हटलं की तिच्या बॅगेत तिचं असं काही नसतं, हे तुम्हाला माहीत आहे. एकीचा गोडा मसाला, दुसरीच्या बाळाची दुपटी, तिसरीचं मंगळसूत्र. त्यात माझ्या भावाने बाबांचे फोटो दिले आणि काकांच्या भावाने काकांचे.

सासूबाई आल्या. मी ऑफिसमधून येते तो त्यांनी सगळ्यांच्या वस्तू टेबलावर मांडून ठेवलेल्या. दोन कोरी पिवळी पाकिटं पुढे केली. "हे जाड तुझं. हे पातळ बर्व्यांचं."

दोन्हींना लिंबाच्या लोणच्याचा वास येत होता. पण आमच्या घरात पासपोर्टलाही मेतकुटाचा वास येतो, त्यामुळे मी काही ते मनावर घेतलं नाही.

पाकीट उघडलं आणि पहिल्याच फोटोला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एकमेकांना चिकटलेली विटांची घरं, धुराडी, पायरीवर दुधाच्या बाटल्या, कोपऱ्यावर दुकान. माझा रस्ता. माणसं जवळजवळ नव्हतीच, कारण बाबा माणसांचे फोटो काढायचेच नाहीत. म्हणायचे, "माणसं घरात आहेत की. फिल्म महाग आहे." फोटोच्या मागे काही लिहायचीही त्यांना सवय नव्हती. पण मला लिहिलेलं कशाला हवं होतं? मला एकेक दार ओळखू येत होतं.

पहिला नंबर बर्वे काकांचा लागला. शनिवारी त्यांच्याकडे जेवलो आणि फोटो हातोहात फिरले. काय सांगायचं, अगदी भिकार गाव. कळकट भिंती, वाकडातिकडा रस्ता. मी तसं स्पष्ट म्हटलं.

बर्वे काकू मात्र फोटो पुन्हा पुन्हा चाळत होत्या. "अहो, पण तो स्थळाचा फोटो कुठाय? लग्न ठरताना तिथून पाठवला होता तो?"

"राहिला असेल भावाकडे," काका म्हणाले आणि त्यांनी एक फोटो वर धरला. रस्त्याच्या मधोमध एक पोर. घोट्यापर्यंत ओव्हरकोट, भुवयांपर्यंत लोकरीची टोपी, आणि कॅमेऱ्याकडे बघून हातभर जीभ बाहेर काढलेली. "ही आमच्या घरमालकिणीची नात. भारी व्रात्य. रोज माझ्या सायकलची हवा सोडायची."

"दिसतंच आहे," मी म्हटलं. "आईबापांनी लाडावून ठेवलेलं कार्टं. दोन ठेवून द्यायला हव्या होत्या. आमच्या स्टॉकपोर्टची मुलं अशी नव्हती हो."

शिल्पा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. म्हणाली, "मॉम, शी लुक्स लाइक यू."

मी तिला डोळ्यांनीच सांगितलं की गाडीत बोलू.

पुढच्या शनिवारी माझी पाळी. मी काही फोटो हातात फिरवणारी बाई नव्हे. मॉलमधून एकेक फोटो मोठा करून आणला आणि बेसमेंटच्या भिंतीवर ओळीने लावला. प्रत्येकाखाली सुवाच्य अक्षरात चिठ्ठी, 'माझी शाळा', 'गोळ्यांचं दुकान', 'आमची गल्ली'. लोक शिऱ्याच्या बशा घेऊन म्युझियममध्ये फिरावं तसे फिरत होते आणि मी उलथनं घेऊन एकेक जागा दाखवत होते.

"ह्या पायरीवरून मी पडले होते. ही खूण बघा कोपराला. ह्या दुकानातली म्हातारी मला पाहिलं की बरणीचं झाकण उघडायची. आणि ही वरची खिडकी माझ्या खोलीची."

त्या दिवशी पहिल्यांदा कुणी बर्फ आणायला गेलं नाही. शिल्पा तर माझा हात धरून उभी होती. "रिअली, मॉम? दॅट विंडो?" अशी माझी मुलगी माझ्याकडे आधी कधी बघायची नाही. मग मी थांबणार आहे का? फोटोत नसलेलं मांजरसुद्धा मी त्या खिडकीत बसवलं.

बर्वे काका मात्र चष्मा खालीवर करत होते. "ओळखीचं वाटतंय हो."

"वाटणारच. इंग्लंड आहे."

शेवटी आम्ही त्या एका फोटोपाशी आलो, ज्यात माणूस होता. उंच, सडपातळ, दिव्याच्या खांबाला रेलून उभा. केस असे दाट आणि मागे वळवलेले की हातच फिरवावा.

"आणि हे फर्नांडिस अंकल," मी उलथनं टेकवून म्हटलं. "गोव्याचे. आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. मला दर शनिवारी टॉफी आणायचे आणि नाताळात व्हायोलिन वाजवायचे."

आता थांबा. फर्नांडिस अंकल खरंच होते. टॉफी खरी, व्हायोलिनही खरं. ते दिसायचे कसे, एवढंच मला आठवत नव्हतं. सहाव्या वर्षी माणसाचे गुडघेच तेवढे दिसतात.

इतक्यात काकू बशी घेऊन तिथे आल्या आणि एकदम थांबल्या. "अगं बाई, हा तर माझा फोटो."

"तुमचा?"

"म्हणजे ह्यांचा. हाच स्थळाबरोबर आला होता आमच्याकडे. ह्या केसांवर तर मी हो म्हटलं."

अख्खं बेसमेंट वळून बर्वे काकांच्या डोक्याकडे बघायला लागलं. तिथे केस सोडाच, ट्यूबलाइटचा उजेड पडला होता.

शहाण्या बाईने इथे उलथनं खाली ठेवलं असतं. मी नाही ठेवलं. "काकू, तुमची काहीतरी गल्लत होतेय. हे फर्नांडिस अंकल."

"अगं, नवरा माझा आहे."

"काका, तुम्ही व्हायोलिन वाजवता का?"

"नाही बुवा," काका म्हणाले.

"मग झालं तर. हे वाजवायचे."

काकूंनी काकांना दंडाला धरलं, फोटोशेजारी नेलं आणि बेसमेंटच्या खांबाला टेकवून उभं केलं. काकांनी हात अगदी तसाच ठेवला. झालं. केस जातात हो, पण कान कुठे जाणार? ते दोन्ही कान जसेच्या तसे होते.

मग सोफ्यावरून सासूबाईंचा आवाज आला, अगदी शांत. "लोणच्याची बरणी फुटली होती बॅगेत. दोन्ही पाकिटं भिजली, नावं पुसली गेली. तू ऑफिसला गेलेलीस, मग मी सगळे फोटो पुसले आणि नव्या पाकिटांत घातले."

"मग कुठले कुणाचे ते कसं ठरवलंत, आई?"

"ठरवायचं काय त्यात? आपल्या माणसाला जाड दिलं."

लोक इतके हसले की एकाची बशी कार्पेटवर पडली. आमचे हे बर्फ आणायला गेले ते परत आलेच नाहीत. पण मी अजून हरले नव्हते. मी म्हटलं, "ठीक आहे, हे डर्बी. कुणाच्याही घरात कुणाचंही लहानपण बसतं. पण काका, तुमचे फोटो माझ्याकडे आले, म्हणजे माझे तुमच्याकडे..."

एवढं बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं. ते भिकार गाव. तो वाकडातिकडा रस्ता. आणि रस्त्याच्या मधोमध ते पोर.

मी काकांकडे बघितलं. काका छताकडे बघत होते. "काका, ती घरमालकिणीची नात..."

"असेल दुसरी कुणीतरी," काका पुटपुटले. "सायकलची हवा कुणीतरी सोडायचं, एवढं नक्की."

शिल्पा म्हणाली, "आय टोल्ड यू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकांकडे गेले. तो फोटो हातात घेतला आणि बाबांचा आवाज कानात आला, "बाजूला हो, फिल्म वाया जाईल." मी झाले नव्हते. आणि बाबांनी, फिल्म महाग म्हणणाऱ्या माझ्या बाबांनी, तरी बटण दाबलं होतं. इंग्लंडमधला माझा हा एकच फोटो. काकूंच्या सोफ्यावर बसून मी घळाघळा रडले. शिल्पा शेजारी बसली होती. तिने फोटो नीट बघितला, मला बघितलं आणि म्हणाली, "ओके. आय बिलीव्ह यू." त्यासाठी मी अख्ख्या न्यू जर्सीसमोर फजिती करून घ्यायला तयार होते. घेतलीच की.

आता तो फोटो दिवाणखान्यात मोठा करून लावलाय. जो येतो तो त्याच्यासमोर उभा राहून माझंच वाक्य मला ऐकवतो, "आईबापांनी लाडावून ठेवलेलं कार्टं." बर्वे काका तर शिऱ्याआधी तेच म्हणतात. म्हणा. लाडावलेलं होतंच. माझ्या बाबांनी लाडावलं होतं, तुमचं काय गेलं?

आणि राहता राहिली पैज. डर्बीला स्टॉकपोर्टची सर नाही, हे मी आजही चारचौघांत छातीठोकपणे सांगते. दोन्हींतलं स्टॉकपोर्ट कुठलं, तेवढं फक्त आधी काकूंना विचारून घेते.