त्या वर्षी खिरापत कुणी ओळखली नाही

शहरात ज्याला भोंडला म्हणतात त्याला आम्ही हादगा म्हणतो. आमचं गाव धायरीच्या पुढे आहे. महापालिकेत गेलं, नळाला मीटर बसलं, तरी आमच्या तोंडी ते गावच राहिलं. आश्विन लागला की देवळासमोरच्या फरशीवर पाट मांडायचा, त्यावर तांदळाचा हत्ती काढायचा आणि बायका-मुलींनी भोवती फेर धरायचा. रोज एका घरची खिरापत. झाकलेला डबा मध्ये ठेवायचा, हलवून दाखवायचा आणि आत काय आहे ते बाकीच्यांनी ओळखायचं. ओळखता आलं नाही तर सगळ्यांनी "हरलो" म्हणायचं. मग डबा उघडायचा. ओळखल्याशिवाय किंवा हरल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा कडक नियम.

माझ्या आईची खिरापत कधीच कुणाला ओळखता यायची नाही. वास येऊ नये म्हणून ती आधी केळीच्या पानात बांधायची, आवाज येऊ नये म्हणून डब्यात फडकं कोंबायची. "हरलो गं बाई, उघड आता," हे ऐकलं की तिचा चेहरा असा फुलायचा की वर्षभराच्या कष्टांचं चीज झालं असं वाटावं.

ज्या वर्षाबद्दल मी लिहिते आहे, त्या वर्षी तिने मुद्दाम सोपी खिरापत केली. कोथिंबिरीच्या वड्या. लसूण जरा जास्तच घातला. डबा देवळापर्यंत नेईतो वाटेवरच्या कुत्र्यांनासुद्धा कळलं असेल.

तिला भीती वाटत होती. आमच्या मळ्याच्या जमिनीवर इमारती होणार होत्या. बिल्डरला सगळ्या वारसांच्या सह्या हव्या होत्या. वडील आणि त्यांचे दोन थोरले भाऊ असे तीन भाऊ, आणि एक बहीण, म्हणजे माझी आत्या. लग्नानंतर वर्षाच्या आत नवऱ्याने तिला परत आणून सोडलं होतं, तेव्हापासून ती आमच्याकडेच होती. मला तिने वाढवलं. आई शेतावर असायची, तेव्हा माझी वेणी, माझा डबा, माझं पाठांतर सगळं आत्याकडे. स्वतः चौथीत शाळा सोडलेली बाई माझ्यासमोर पुस्तक उघडून बसायची आणि मी अडखळले की "परत म्हण" म्हणायची. घरातली पहिली पदवी माझी आहे, ती त्या "परत म्हण"मधून आली आहे.

कायद्याने जमिनीत आत्याचा हिस्सा होता. थोरल्या काकांचं म्हणणं, तिने हक्कसोड लिहून द्यावा, बहिणी देतातच. वडील म्हणाले, "तिचा हिस्सा लागला तरच माझी सही." झालं, व्यवहार अडला. पुरुषांची बोलाचाली झाली ती झाली, पण खरं काम बायकांनी केलं. आईला हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. गिरणीत ती आली की बोलणं थांबायचं. ती वडिलांना काही म्हणाली नाही. फक्त नवरात्रात तिने खिरापतीची पाळी मागून घेतली.

फेर संपला. आईने डबा मध्ये ठेवला आणि हलवला. आतून वड्या एकमेकींवर आपटल्याचा आवाज आला. थोरली काकू, जिला आम्ही मोठी आई म्हणायचो, पाटाजवळ मांडी घालून बसली होती.

"काय बरं आसंल?" ती म्हणाली. "दगडं?"

बायका हसल्या. आईपण हसली. तिला वाटलं, चेष्टा चालली आहे.

"वकिलाची नोटीस आसंल," दुसरी म्हणाली.

"न्हाई गं, धाकटीच्या घरात एक फुकटचं खाणारं हाय, त्याचं उष्टं आसंल," तिसरी आईकडे बघून म्हणाली.

आत्या फेरात नव्हती. ती देवळाच्या पायरीवर बसली होती, नवऱ्याने टाकलेली म्हणून तिला फेरात कधी घेतच नसत. ती खाली बघत होती.

"गोड का तिखट ते विचारा की," आई म्हणाली. "मी सांगते. तिखट हाय."

"तिखट? मग तुझी जीभच आसंल, धाकटे."

एक लहानशी पोर होती, मोठ्या आईची नात. ती टुणकन उठून म्हणाली, "कोथिंबीर वडी! मला वास आला!"

तिच्या आईने दंडाला असा चिमटा काढला की पोर कळवळली. "गप बस. तुला काय कळतंय?"

मग बाकीच्या ओळखतही नव्हत्या, "हरलो"ही म्हणत नव्हत्या. आई डब्यावर हात ठेवून उभी. तिने एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं. त्यातल्या कित्येकींच्या बाळंतपणात तिने पाणी तापवलं होतं.

"म्हणा की गं हरलो," ती म्हणाली. "पोरी भुकेल्यात."

"आमाला काय घाई न्हाई," मोठी आई म्हणाली. "आमचं तर वरीसभर अडून पडलंय."

तेव्हा आत्या पायरीवरून उठली. पदर खोचून पुढे आली आणि मोठ्या आईसमोर उभी राहिली.

"वैनी, सोमवारी येते मी सही करायला. मला हिस्सा नको. आता पोरींना खाऊ द्या."

मोठ्या आईने मान वर केली, हवेत नाक ओढलं आणि टाळी वाजवली. "अगं बया! कोथिंबीर वडीच हाय की!"

काय हसल्या सगळ्या! डबा उघडला. वड्या इतक्या भराभर संपल्या की मला एकच मिळाली. "हाताला चव हाय हो धाकटीच्या," म्हणत मोठ्या आईने तिसऱ्यांदा हात पुढे केला आणि आईने शोधून तळातली सगळ्यात खरपूस वडी तिच्या हातावर ठेवली. आत्याला द्यायला उरली नाही. ते कुणाच्या लक्षातही आलं नाही, आईच्याही.

वडील घरी पुष्कळ ओरडले. आत्या म्हणाली, "दादा, मी शब्द दिलाय." तिने सही केली, मग त्यांनीही केली. दसऱ्याला काका-काकू आपट्याची पानं घेऊन आले, आत्याच्या हातावर ठेवली, "सोन्यासारखी बहीण" म्हणाले. आईला पुन्हा बोलावणी आली. ती आनंदात होती. आत्याशी त्या विषयावर ती एक अक्षर बोलली नाही.

आम्हाला इमारतीत फ्लॅट मिळाला. माझं कॉलेज त्याच व्यवहारातून झालं, आणि त्याबद्दल मी रोज कृतज्ञ आहे, हे खरं आहे. आत्या हॉलमधल्या दिवाणावर झोपायची. यंदा माझ्या भावाचं लग्न ठरलं. नवरात्र बसलं त्याच आठवड्यात आई तिला अगदी गोड आवाजात म्हणाली, "वन्सं, आता घरात नवी सून येणार. तुमचीच अडचण हुईल. धायरीत एक खोली बघितलीय." वडील आता नाहीत. अडवायला कुणी नव्हतं, आणि अडवायचं कशाच्या जोरावर?

लग्नानंतर मी कोथरूडला राहते. तिथून तिला न्यायला गेले. ती दिवाणावर साड्यांच्या घड्या घालत होती.

"आत्या, माझ्याकडे चल."

"घर कुणाच्या नावावर हाय?"

"आमच्या दोघांच्या."

"मग त्यांना इचारलंस?"

"विचारलं."

"काय म्हणाले?"

मी खोटं बोलू शकले असते. पण तिनेच मला वाढवलं होतं.

"म्हणाले, बघू."

आत्याने हातातली साडी पिशवीत घातली, वरून दाबली. "च्या टाकते," ती म्हणाली. "पिऊन जा. मंग मला धायरीपर्यंत सोड, लांब न्हाई."